हात न पोहोचणाऱ्या माळ्यावर उंदरांसाठी विष ठेवावे का?

शुक्रवारपेठी :
आमच्या वाड्यावर पूर्वी माळवद होते. ते गळू लागल्यावर वडिलांनी माती उतरवून पत्रे घातले आणि खोल्यांवरची सागवानी तक्तपोशी व पत्रे यांच्यामध्ये एक पोकळी राहून गेली. जिन्याकडे ती तीन फूट उंच आहे, पण वळचणीकडे उतरत उतरत जेमतेम वीतभर उरते. उंदरांचे बिऱ्हाड नेमके त्या वीतभर जागेत आहे आणि तिथे माणूस तर नाहीच, हातही पोहोचत नाही.

गेल्या मे महिन्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून मी ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशक विषाच्या वड्या बांबूच्या टोकाने आत सरकवल्या. पाचव्या दिवशी खुडबुड थांबली आणि आठव्या दिवशी आजी झोपते त्या खोलीत वास सुरू झाला. बाहेर पारा 42 अंशांवर होता आणि वर पत्रे तापलेले होते. दोन फळ्यांच्या सांध्यातून काळपट, तेलकट थेंब तिच्या पांघरुणावर पडला, तेव्हा सुताराला बोलावून चार फळ्या उचकटाव्या लागल्या. आत तीन उंदीर निघाले. वास त्यानंतरही दहा दिवस गेला नाही आणि तेवढे दिवस आजी ओसरीवर झोपली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, जिथून मेलेला उंदीर बाहेर काढता येत नाही, तिथे विष ठेवूच नये. त्याऐवजी घराच्या बाहेरून फटी बुजवाव्यात. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते आणि त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्यामुळे तो लाकूड, प्लास्टिक, फोम सगळे कुरतडतो. फटीत भांडी घासायची तारेची घासणी ठासून वरून सिमेंट लावले, तरच ती बुजली असे समजावे.

यंत्रमागधारक :
आजींना झालेला त्रास वाचून वाईट वाटले, परंतु एका घराच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम करणे मला मान्य नाही. माझा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मागांवरच्या माळ्यावर सुताची पोती आणि विणून झालेल्या टॉवेलचे गठ्ठे असतात. खळ लावलेल्या सुताला उंदीर हमखास तोंड लावतो. टॉवेल दोनदा दुमडलेला असतो, त्यामुळे घडीच्या मधोमध उंदराने एक भोक पाडले की उलगडल्यावर चार भोके दिसतात, आणि अशा भोकांची ओळ गठ्ठ्यात वरपासून खालपर्यंत गेलेली असते. तो माल मी कोणाला विकावा? पिंजऱ्यात रोज एक उंदीर सापडेल म्हणून वाट पाहावी, तर मादी साधारण 22 दिवसांत पुन्हा विते. शिवाय विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर येऊन उघड्यावर मरतो, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगतो. उंदीर आत असताना आपण सगळ्या फटी बुजवल्यात, तर तेही आतच मरतील आणि वास तोच येईल. आपला उपाय आपल्याच तत्त्वात बसत नाही.

विजापूररोडकर :
पाण्याच्या शोधात उंदीर बाहेर येतो, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तिच्या भरवशावर कोणी राहू नये. ब्रोमाडिओलोनमुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो. त्या दिवसांत तो अशक्त झालेला असतो आणि पुष्कळदा आपल्या घरट्यातच पडून राहतो. शुक्रवारपेठींच्या तीन उंदरांचे हेच झाले असावे.

जो बाहेर येतो, त्याचीही कथा चांगली नाही. आमच्या मांजरीने असाच एक झोकांड्या खाणारा उंदीर धरून खाल्ला. दोन दिवसांनी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि तिला कित्येक दिवस के-1 जीवनसत्त्व द्यावे लागले. ती वाचली, कारण या विषावर उतारा आहे. जस्त फॉस्फाईड या उंदरांच्या दुसऱ्या विषावर मात्र नेमका उतारा नाही, आणि घरात रांगते मूल असताना काही लोक ते कणकेच्या गोळ्यात घालून कोपऱ्यात ठेवतात, याचा मला अतिशय संताप येतो. गव्हाणी घुबडासारखा पक्षी मुख्यतः उंदरांवर जगतो. विष खाल्लेले उंदीर त्याच्या पोटात गेले, तर शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार आपणच मारतो.

कसबेकर :
मारायचेच कशाला? आम्ही पिंजऱ्यात सापडलेले उंदीर तुळजापूर रस्त्याला हिप्परगा तलावाच्या पुढे नेऊन सोडतो. जीवही वाचतो आणि घरही सुटते.

शुक्रवारपेठी :
कसबेकर, आपली भूतदया मी समजू शकतो, पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोणाची तरी ज्वारी उभी असते. आपला त्रास शेतकऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याला मी सुटका म्हणणार नाही. घरात वाढलेला उंदीर अनोळखी रानात फार दिवस टिकतही नाही.

यंत्रमागधारक यांनी दाखवलेली चूक मला पूर्णपणे मान्य आहे. क्रम चुकला की उपाय वाया जातो. आधी एक सोडून बाकीच्या फटी बुजवाव्यात, आतले उंदीर पकडून संपवावेत आणि शेवटची फट सर्वांत शेवटी बंद करावी. यंदा मी तसेच केले.

हात पोहोचत नव्हता, म्हणून सहा फुटी अरुंद फळी घेतली, तिच्या टोकाला लाकडी चाप खिळ्यांनी ठोकला आणि मागच्या टोकाला सुतळी बांधली. फळी आत सरकवायची आणि सकाळी सुतळीने ओढून घ्यायची. नव्या वस्तूपासून उंदीर दूर राहतो, म्हणून पहिले पाच दिवस चाप न लावता नुसते आमिष ठेवले. सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला आणि त्यावर शेंगाचटणी चोपडली. सहाव्या रात्री चाप लावला. 19 दिवसांत सात उंदीर मिळाले आणि प्रत्येक उंदीर फळीसोबत बाहेर आला.

आत कोणी उरले आहे का, हे कळावे म्हणून माळ्याच्या तोंडाशी रांगोळीचा पातळ थर पसरतो. गेले 12 दिवस त्यावर एकही पाऊल उमटलेले नाही. लेंड्या झाडूने कोरड्या झाडू नयेत, कारण ती धूळ श्वासात जाते. मी तोंडाला मास्क लावून आधी जंतुनाशकाचे पाणी फवारले आणि मग ओल्या फडक्याने त्या पुसून घेतल्या.

यंत्रमागधारक :
फळीची युक्ती चांगली आहे आणि मी ती कार्यालयावरच्या माळ्यासाठी करून पाहणार आहे. तरीही सात उंदीर आणि 19 दिवस हे गणित घराला परवडते, पण ज्याचे गठ्ठे महिनाअखेरीस निघायचे आहेत, त्याला नाही. मालाच्या माळ्यावर मी विष ठेवीनच, मात्र यापुढे वड्या मोकळ्या न फेकता तारेने बांधलेल्या बंद पेटीत, हाताच्या अंतरावर ठेवीन, आणि रोज सकाळी माळा तपासायला एक माणूस नेमीन.

शुक्रवारपेठी :
रोज तपासणारा माणूस असेल आणि तो सगळ्या कोपऱ्यांत पोहोचत असेल, तर माझा आक्षेप उरत नाही. आमची राहिलेली शेवटची फट शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीत आहे. त्यांच्या बाजूने हात घातल्याशिवाय ती बुजणार नाही, म्हणून रविवारी सिमेंटचे घमेले घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.