जिन्यातला दिवा लावला की वरच्या मजल्याची आरसीसीबी उडते

रामबागकर (इंदूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे रामबागेतील घर आजोबांच्या काळातले, दुमजली आहे. तळमजल्यावर धाकटे काका राहतात आणि वर आम्ही. वाटणीच्या वेळी दोन स्वतंत्र मीटर घेतले, मात्र जिना सामाईकच राहिला. गेल्या महिन्यात आम्ही वरच्या मजल्यावरचे लाकडी पट्टीवरील जुने वायरिंग काढून पाइपातून नवे केले आणि डीबीमध्ये (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) ४० अँपिअरची, ३० मिलिअँपिअर गळतीला उडणारी आरसीसीबी (गळती होताच वीज आपोआप तोडणारे बटण) बसवली.

फ्रिज, गिझर, पाण्याची मोटर, सर्व व्यवस्थित चालते. परंतु जिन्यातला ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, मग तो खालच्या बटणाने लावलेला असो वा वरच्या, की आमची आरसीसीबी तत्काळ उडते. त्याच होल्डरमध्ये झीरोचा अर्ध्या वॅटचा दिवा लावून पाहिला, तेव्हा ती उडली नाही. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की आरसीसीबी उडालेली असतानाही आमच्या सॉकेटच्या न्यूट्रलच्या (परतीच्या तारेच्या) छिद्रात टेस्टर पेटतो.

काम करणाऱ्या गृहस्थांनी आरसीसीबी सदोष ठरवून एकदा बदलून दिली. नवीही तशीच उडते. आता त्यांचा सल्ला असा, की १०० मिलिअँपिअरची लावावी किंवा ती काढूनच टाकावी. मी काय करावे?

मालवा-४७ यांचे उत्तर

आमच्याकडे १०० मिलिअँपिअरची आहे आणि ती कधीच उडत नाही. जुन्या घरात थोडी गळती असायचीच, तेव्हा आपणही तीच लावून मोकळे व्हावे.

गिरणीतला वायरमन यांचे उत्तर

रामबागकर साहेब, कृपया तसे करू नका. आपल्या घरात गळती नाही आणि आरसीसीबीही सदोष नाही. आपण जे लिहिले आहे त्यातच उत्तर आहे: घराची वाटणी झाली, जिन्यातल्या दिव्याची झाली नाही.

टू-वे जोडणीत, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणच्या बटणांनी चालतो तेव्हा, फेज (वीज आणणारी तार) एका बटणात येतो, दोन बटणांच्या दरम्यान दोन तारा जातात आणि दुसऱ्या बटणातून निघालेली तार दिव्याकडे जाते. पूर्वी संपूर्ण घर एकाच मीटरवर असल्याने वायरमनने फेज खालच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल दिव्याला जवळ पडणाऱ्या वरच्या बोर्डातून जोडला, आणि त्या वेळी त्यात काही चूकही नव्हती. मीटर दोन झाले तेव्हा मात्र प्रवाह काकांच्या फेजमधून निघून आपल्या न्यूट्रलमधून परत जाऊ लागला. आरसीसीबी फक्त एवढेच पाहते, की आपल्या फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. इथे फेजमधून न गेलेला प्रवाह न्यूट्रलमध्ये दिसतो, म्हणून ती उडते.

हिशेबही जुळतो. ९ वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर, आणि एलईडीचा पॉवर फॅक्टर कमी असल्याने, म्हणजे तेवढ्याच वॅटसाठी तो जास्त प्रवाह ओढत असल्याने, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ पर्यंत उडू नये आणि ३० ला उडलीच पाहिजे, असा तिचा दंडक असतो. अर्ध्या वॅटचा दिवा काही मोजकेच मिलिअँपिअर घेतो, म्हणून तो निभावून जातो.

टेस्टरची गोष्ट मात्र फार गंभीर आहे. आरसीसीबी उडाली की ती फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडते. मग काकांचा फेज जिन्यातल्या दिव्यातून आपल्या न्यूट्रलमध्ये येऊन थांबतो, त्याला परतीची वाट उरत नाही आणि वरच्या मजल्याच्या सगळ्या न्यूट्रल तारा जिवंत होतात. आपला मेन बंद आहे या भरवशावर कोणी पंख्याची तार उघडली तर त्याला झटका बसेल. दोन्ही मीटर वेगवेगळ्या फेजवर असतील, तर वरच्या बोर्डातल्या दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतील, हेही लक्षात ठेवावे. १०० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावल्याने दिवा कदाचित चालेल, पण जोडणीतला दोष तसाच राहील आणि माणसाला झटका बसल्यास वाचवण्याची ३० मिलिअँपिअरची सोय जाईल.

खात्री डीबी न उघडताही करता येते. झीरोचा दिवा लावून बटण चालू ठेवावे. फक्त काकांचा मेन बंद केल्यावर दिवा गेला, म्हणजे फेज त्यांचा आहे. तो पुन्हा चालू करून फक्त आपली आरसीसीबी हाताने खाली केल्यावरही दिवा गेला, म्हणजे न्यूट्रल आपला आहे.

सूर्यास्त यांचे उत्तर

वरील विवेचन पटले. एक जोड देतो. काही जण अशा वेळी न्यूट्रलऐवजी दिव्याला अर्थची तार जोडून देतात. तो उपाय कधीही स्वीकारू नये, कारण अर्थिंग कुठे सुटले तर दिव्यातून आलेली वीज फ्रिज आणि गिझरच्या पत्र्यापर्यंत पोहोचेल.

तसेच ही दुरुस्ती स्वतः करण्याजोगी नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी बदलाबदल वगळता जोडणीतला फेरफार परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घेण्याचे बंधन घातले होते, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही ते कायम राहिले. बटण बदलणे आपल्या अखत्यारीत येते, न्यूट्रल एका मीटरवरून दुसऱ्यावर नेणे येत नाही.

रामबागकर यांचा प्रतिसाद

सांगितल्याप्रमाणे तपासणी केली आणि दोन्ही वेळा दिवा गेला. परवानाधारक वायरमनना बोलावून, दोन्ही मेन बंद करवून काम करून घेतले. दिव्याचा आमच्या बोर्डातला न्यूट्रल सोडवला आणि काकांच्या डीबीतून दीड चौरस मिलिमीटरची नवी न्यूट्रल तार जिन्याच्या पाइपातून दिव्यापर्यंत ओढली. पाइप भरलेला असल्याने एक जुनी निकामी तार बाहेर काढताना तिलाच नवी बांधून ओढावी लागली, आणि अर्धा दिवस त्यातच गेला. जिन्यातल्या विजेचे बिल आता काकांकडे जाईल. त्यावर काकांनी, "इतकी वर्षे निम्मा दिवा तुमचा होता हे मला कोणी सांगितलेच नाही," एवढेच म्हटले.

आता दिवा लागतो आणि आरसीसीबी उडत नाही. ती खाली केल्यावर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटत नाही, आणि वायरमननी मीटरने मोजूनही खात्री करून दिली. वरच्या जिन्याच्या बटणात काकांचा फेज मात्र अजूनही येतो. म्हणून त्या बोर्डाच्या झाकणाच्या आतून आणि बाहेरून चिठ्ठी चिकटवली आहे: "उघडण्यापूर्वी खालचाही मेन बंद करावा."