ले मान्स २४ तास: मुंबईतून पूर्ण शर्यत बघायची तर झोप कधी आणि लक्ष कुठे?

माहीम_आउटलॅप

नमस्कार मंडळी. १३-१४ जूनला ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची कार शर्यत आहे आणि आमच्या घरी यंदा ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं ठरलंय. फेरारी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीनदा जिंकली. आता चौथ्यांदा जमतं का, याची प्रचंड उत्सुकता आहे. फॉर्म्युला वन आम्ही सगळे नियमित बघतो, त्यामुळे अंडरकट (टायर आधी बदलून पुढे निघणं), टायरची झीज वगैरे माहीत आहे. अडतं ते पुढे.

आपल्या घड्याळाप्रमाणे चोवीस तासांची आखणी कशी करायची? कोणते तास चुकवायचे नाहीत? साठेक गाड्या आणि तीन वर्ग, त्यात खरा पुढे कोण हे कशावरून ओळखायचं? शिवाय त्याच शनिवार-रविवारी बार्सिलोनाची फॉर्म्युला वन ग्रां प्री आहे, ती कुठे बसवायची? आणि जूनचा दुसरा आठवडा म्हणजे पाऊस. लाइट किंवा नेट गेलं तर काय करता?

ठाणे_स्लोझोन

ताई, आधी घड्याळ. आपण फ्रान्सच्या उन्हाळी वेळेपेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे दुपारी ४ ला सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी ७.३०, आणि शेवट रविवारी संध्याकाळी ७.३०. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो आणि सकाळी सहाच्या आसपास उगवतो. आपल्याकडे ते होतात रात्रीचे १.३० आणि सकाळचे ९.३०. म्हणजे तिथली रात्र आपल्याला पहाटे आणि सकाळी चहा घेत बघता येते.

माझ्या मते आखणी अशी. शनिवारी ७ ला बसायचं. अंधार पडताना गाड्यांचे दिवे लागतात ते दृश्य बघून पावणेदोनला झोपायचं. सकाळी ६.३० ला उठायचं आणि ११ पर्यंत जागेवरून हलायचं नाही. हे तास सगळ्यात मोलाचे. हवा थंड असते म्हणून इंजिनला दाट हवा मिळते, रस्त्यावर रबर बसलेलं असतं आणि बऱ्याच गाड्या बाद झाल्याने गर्दीही कमी असते. वेगवान लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) तेव्हा दिसतात. दुपारी जेवून साडेतीनपर्यंत झोप, मग ४ पासून शेवटपर्यंत.

बुधवारी क्वालिफाइंग, म्हणजे सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या, आणि गुरुवारी रात्री त्याचाच अंतिम टप्पा, हायपरपोल. शुक्रवारी ट्रॅकवर काहीच नसतं, गावातून ड्रायव्हरांची मिरवणूक निघते. शुक्रवारी लवकर झोपा, सगळी आखणी त्यावर उभी आहे.

पिटवॉल_परळ

"खरा पुढे कोण" या प्रश्नाचं उत्तर टीव्हीवर मिळत नाही, टायमिंगच्या पडद्यावर मिळतं. अधिकृत लाइव्ह टायमिंग दुसऱ्या स्क्रीनवर उघडा आणि नंबराच्या पट्टीचा रंग ओळखायला शिका: हायपरकार (सगळ्यात वेगवान वर्ग) लाल, एलएमपी२ (त्याच्या खालोखालचा) निळा, एलएमजीटी३ किंवा नुसतं जीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर आधारलेला) नारिंगी. रात्री गाडीचा आकार दिसत नाही तेव्हा बाजूचे छोटे दिवे बघा. एक दिवा पेटला असेल तर वर्गात पहिली, दोन म्हणजे दुसरी, तीन म्हणजे तिसरी.

आता हिशोब. ट्रॅक १३.६२६ किमी. हायपरकारचा शर्यतीतला लॅप साधारण साडेतीन मिनिटांचा, जीटी३चा चार मिनिटांच्या आसपास. म्हणजे लॅपमागे अर्ध्या मिनिटाचा फरक, आणि हायपरकारला तीच जीटी३ दर आठ लॅपला पुन्हा ओलांडावी लागते. अशा वीसहून जास्त जीटी३ आणि वर एलएमपी२. हायपरकारची शर्यत या गर्दीतच जिंकली किंवा हरली जाते. पोर्शे कर्व्ह्ज नावाच्या वळणांत जीटी३च्या मागे अडकलात की तीन-चार सेकंद गेले. तिथे भिंती जवळ आहेत, वेग जास्त आहे, घाईने आत घुसलेल्याला सुटका नाही.

हायपरकारचा एक स्टिंट (दोन पिट स्टॉपमधली धाव) १२-१३ लॅपचा, म्हणजे पाऊण तासाच्या आत-बाहेर. त्याची मर्यादा टाकीतल्या इंधनाने ठरत नाही. चाकांपर्यंत पोचणारी शक्ती टॉर्क सेन्सर मोजतात आणि प्रत्येक स्टिंटला ठरावीक मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ती संपायच्या आत पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरच्या थांब्यावर, यायचंच. सगळ्यांचे स्टॉप एकाच वेळी होत नाहीत, म्हणून पहिल्या चार-पाच तासांत "आघाडीवर" दिसणारी गाडी अनेकदा फक्त पिटला न गेलेली असते. दोन गाड्यांची तुलना स्टॉपची संख्या सारखी झाल्यावरच करा.

एक वही घ्या. साठ गाड्यांचा नाद सोडून फक्त चार नंबर निवडा: दोन हायपरकार, एक एलएमपी२, एक जीटी३. प्रत्येक स्टॉपला चारच गोष्टी लिहा: लॅप क्रमांक, पिटमधला वेळ, टायर बदलले की नाही, ड्रायव्हर कोण. मध्यरात्रीपर्यंत कोणाची रणनीती काय आहे ते तुम्हाला समालोचकाच्या आधी कळेल.

डबल_स्टिंट

वरच्या मुद्द्यात टायरची भर घालतो, कारण फॉर्म्युला वन बघणाऱ्याची इथेच गल्लत होते. इथे टायर बदलणं हा नियम नाही, निवड आहे. आधी इंधन, ते पूर्ण झाल्यावरच मेकॅनिक टायरला हात लावू शकतात. त्यामुळे जी टीम टायर तेच ठेवते ती प्रत्येक वेळी तेवढे सेकंद वाचवते. हायपरकारचे मिशलिन टायर रात्रीच्या थंडीत तीन-चार स्टिंटसुद्धा चालवतात. त्यात टायर गरम करणारी ब्लँकेट नाहीत. नवीन टायर घेतला की पहिला लॅप गारठलेला, पकड नाही आणि टेर्त्र रूजच्या वळणावर गाडी घसरायची पुरेपूर संधी. म्हणून पिटमधून निघालेल्या गाडीचा पहिला लॅप आवर्जून बघा. जुना टायर ठेवणाऱ्याचा सुरुवातीचा फायदा आणि स्टिंटच्या शेवटी होणारा तोटा, या दोन आकड्यांतच सगळा डाव असतो.

ठाणेकरांच्या झोपेच्या वेळेशी मी सहमत नाही. २ ते ६.३० म्हणजे तिथले रात्रीचे १०.३० ते ३. याच वेळात अंधाराला न सरावलेले हौशी ड्रायव्हर जीटी३मध्ये बसलेले असू शकतात. त्या वर्गात प्रत्येक गाडीत ब्राँझ, म्हणजे हौशी श्रेणीचा एक ड्रायव्हर सक्तीचा आहे आणि जीटी३चं गणित बरंचसं त्याच्यावरच ठरतं. तिघं आहात तर पाळी लावा. तिकडे एका ड्रायव्हरला सहा तासांत चारपेक्षा जास्त तास चालवता येत नाही, एकूण चौदापेक्षा जास्त नाही. घरी तोच नियम ठेवा, कोणीच पेंगणार नाही.

वसई_वायरिंग

लाइट आणि नेटबद्दल.

राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. लोक फक्त राउटरला लावतात आणि नेट तरीही जातं. दोन्ही अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, अँपिअर १ ते २. त्याला जुळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या, अँपिअर कमी असलेला घेतलात तर राउटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. शुक्रवारी मेन स्विच पाडून अर्धा तास चालवून बघा.

डेटा: पूर्ण एचडीत तासाला साधारण ३ जीबी, म्हणजे चोवीस तासांना ७० जीबीच्या आसपास. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे होत नाही. फायबर गेलं तर मोबाइलवर चित्राचा दर्जा ४८० वर आणा किंवा सरळ रेडिओ ले मान्स लावा. तिचं इंग्रजी समालोचन फुकट आहे, डेटा नगण्य लागतो, आणि सोबत टायमिंग उघडं असेल तर शर्यत हातातून सुटत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये "ऑटो पॉवर ऑफ" बंद करा. अनेक टीव्ही चार तास रिमोट हलला नाही की आपोआप बंद होतात. लॅपटॉपची स्लीपही बंद, चार्जर लावूनच. आणि टायमिंग पुढे, चित्र अर्धा-एक मिनिट मागे असतं. टायमिंग बघणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं, हा घरचा नियम आधीच ठरवा.

रविवारी कोणी कल्याण किंवा पनवेलकडून येणार असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवायला सांगा. ब्लॉक साधारण दुपारीच असतो, नेमका तुमच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेत.

माहीम_आउटलॅप

सगळ्यांचे मनापासून आभार, वही आणली. अजून एक. पाऊस आला आणि सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्या मागे सावकाश चालवणारी गाडी) आली की ले मान्सला फार वेळ जातो असं ऐकलंय. का?

पिटवॉल_परळ

ट्रॅक इतका लांब आहे की चर्चगेटला ऊन आणि वांद्र्याला सर, अशी स्थिती एकाच लॅपमध्ये येते. अंतरही जवळपास तेवढंच. ड्राय टायरवर राहावं की वेट, म्हणजे पावसाचा टायर घ्यावा, हे म्हणूनच फार अवघड होतं. चुकलं तर पिटपर्यंत परत यायला १३ किमी रांगत यावं लागतं. शिवाय मोठी सरळ रेषा एरवी रोजच्या वाहतुकीचा रस्ता आहे. त्यावरचे रंगाचे पट्टे ओले झाले की प्रचंड घसरडे.

लहान अपघाताला स्लो झोन लावतात, म्हणजे ट्रॅकच्या तेवढ्याच तुकड्यात ताशी ८० किमी. पूर्ण ट्रॅकवर ८० म्हणजे फुल कोर्स यलो. ऐन त्याआधी पिटला जाऊन आलेला तोट्यात राहतो, कारण बाकीच्यांचा स्टॉप स्वस्तात होतो. सेफ्टी कारला मात्र वेळ लागतो. एवढ्या लांब ट्रॅकवर तीन सेफ्टी कार सोडतात, तीन जथे तयार होतात, मग ते एकत्र आणून वर्गांप्रमाणे रांग लावतात. एकेक लॅप सावकाश, त्यामुळे अर्धा-पाऊण तास सहज जातो. पिटमधून बाहेर पडायच्या तोंडाशी लाल दिवा असेल तर पुढचा जथा येईपर्यंत गाडी तिथेच अडकते. टायमिंगवर अचानक एखादी गाडी मिनिटभर मागे पडलेली दिसली तर कारण बहुधा हेच.

२०२४ मध्ये रात्रीच्या पावसात सेफ्टी कार चार तासांहून जास्त बाहेर होती. तसं झालं तर डबल_स्टिंट यांचं ऐकू नका, झोपून घ्या.

ठाणे_स्लोझोन

बार्सिलोनाचं राहिलंच. टक्कर दोनदा आहे. युरोपातल्या नेहमीच्या वेळा धरल्या तर शनिवारी क्वालिफाइंग ७.३० ला, म्हणजे ऐन ले मान्सच्या सुरुवातीला. रविवारी ग्रां प्री ६.३० ला, म्हणजे ले मान्सच्या शेवटच्या तासात.

शनिवारी पहिला पाऊण तास ले मान्सच बघा, सुरुवात, पहिली गर्दी आणि पहिले पिट स्टॉप. सव्वाआठच्या आसपास क्वालिफाइंगचा शेवटचा टप्पा सुरू होतो, त्या बारा-पंधरा मिनिटांपुरतं तिकडे जा आणि लगेच परत या.

रविवारी अजिबात वाटणी करू नका. ले मान्स पूर्ण बघा, ग्रां प्री आठ वाजता रिप्लेवर सुरुवातीपासून लावा आणि तोवर मोबाइलच्या सूचना बंद ठेवा. कारण सांगतो. २०२४ ला पहिल्या दोघांत सुमारे १४ सेकंदांचा फरक होता आणि २०२५ ला पिवळी ८३ नंबरची फेरारीही सुमारे १४ सेकंदांनीच जिंकली. चोवीस तासांनंतर चौदा सेकंद! २०२४ ला तर विजेत्या ५० नंबरच्या फेरारीला शेवटच्या दोन तासांत उघडं राहिलेलं दार लावायला पिटमध्ये यावं लागलं होतं. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोळा दिसला तर समजा गाडीत काहीतरी मोडलंय आणि तिला आत यावंच लागणार.

डबल_स्टिंट

आणि २०१६ विसरू नका. आघाडीवरची टोयोटा शेवटची काही मिनिटं उरली असताना ताकद जाऊन पिटसमोरच थांबली, पोर्शे जिंकली. टोयोटाने तो शेवटचा लॅप कसाबसा पूर्ण केला, पण शेवटचा लॅप सहा मिनिटांत पूर्ण करायचा नियम होता, त्यामुळे ती निकालातच धरली गेली नाही. म्हणून सव्वासातला पिटमध्ये उभी असलेली बिघडलेली गाडी अचानक बाहेर पडताना दिसली तर चकित होऊ नका. झेंड्यापाशी रांगत का होईना पोचायचं असतं.

फेरारीच्या चौथ्या विजयाबद्दल: टोयोटा, कॅडिलॅक आणि बीएमडब्ल्यू हे तिघं आडवे येऊ शकतात असं माझं मत. पोर्शेने कारखान्याची टीम काढून घेतली आहे, जेनेसिस नवीन आहे, पहिल्याच वर्षी चोवीस तास टिकली तरी पुष्कळ. वहीत दुसरी हायपरकार म्हणून ॲस्टन मार्टिन घ्या. निकालासाठी नाही, तिचं हायब्रिड नसलेलं ६.५ लिटरचं व्ही१२ इंजिन डोळे मिटूनही ओळखता येतं. पहाटे पाळी असलेल्याला त्याचा फार उपयोग होतो. ऑनबोर्डचा (गाडीतल्या कॅमेऱ्याचा) पर्याय असेल तर साडेनऊला, तिथे उजाडताना, तिच्याच गाडीतून बघा आणि आवाज हेडफोनवर घ्या.