तुमचं तरुणपणीचं स्वप्न आता कुणाला ठाऊक आहे?

लातूर जिल्हा, औसा तालुका. वय 63, निवृत्त शिक्षक

परवा येळवस झाली. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शिवारात. ज्वारी उभी, हरभऱ्याला घाटे धरलेले, कडब्याची कोपी, कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव. बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत आंबील, टोपात भज्जी, म्हणजे मिसळ भाजी, बाजरीचे उंडे. आमच्या कोपीपुढं पूर्वी तीस-पस्तीस पानं बसायची. यंदा नऊ जण होतो. त्यातला एक माझा पहिलीपासूनचा मित्र, बायकोसह आलेला. गावात त्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो.

या माणसाचा आवाज काय होता म्हणून सांगू! मधल्या सुट्टीत ज्वारीचं कणीस तोंडासमोर धरून तो आमच्या विटीदांडूचं धावतं वर्णन करायचा. आम्ही खेळायचं सोडून ऐकत बसायचो. त्याला रेडिओवर निवेदक व्हायचं होतं. अर्ज मीच लिहिला होता, अक्षर माझं बरं म्हणून. आवाजाच्या चाचणीचं बोलावणंही आलं, पण मृगाच्या पहिल्या पावसात आलं. त्यांचा एक बैल त्याच आठवड्यात बसला होता, त्याच्या जागी कुणाचा तरी मागून आणलेला. पेरणी टाकून जायचं कसं? तो गेला नाही. नंतर हा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

तर जेवणं झाल्यावर माझ्या नातीनं विचारलं, "आबा, हे आजोबा लहानपणी काय करायचे?" मी सहज सांगून टाकलं. शेजारी वहिनी पानसुपारी काढत होत्या, त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "भाऊजी, अडतीस वर्षं झाली लग्नाला. मला हे कुणी सांगितलंच नाही."

मित्राला कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे. त्याला बोलणं कळलं की नाही कोण जाणे. पण त्यानं शेजारचं कणीस मोडलं, तोंडासमोर धरलं आणि म्हणाला, "दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आम्ही आता आपल्याला थेट शिवारात घेऊन जात आहोत." मग दोन-तीन मिनिटं त्यानं आमच्या पंगतीचं वर्णन केलं. कुणी किती उंडे खाल्ले, आंबील कुणाच्या मिशीला लागलं, सगळं. आवाज थोडा चिरकतो आता. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

रात्री झोप आली नाही. अडतीस वर्षं ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. आमच्यातला एक आधी गेला असता तर दुसऱ्यानं ती कुणाजवळ ठेवली असती?

म्हणून विचारतो. तुमचं असं स्वप्न कोणतं, आणि ते माहीत असलेला मित्र किंवा मैत्रीण आज कुठं आहे? पुरं झालं का, हे विचारत नाही. जसं आठवेल तसं लिहा.

•

परभणी जिल्हा, गंगाखेड. वय 57

सर, मैत्रीण आहे, स्वप्न नव्हतं. माझं लग्न सतराव्या वर्षी झालं, तिचं सोळाव्या. स्वप्न कोणत्या वयात बघतात तेच आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सुना आल्या, दुपार मोकळी झाली, तर आम्ही दोघी भजनी मंडळात पेटी शिकायला लागलोय. जनाबाईचे अभंग तोंडपाठ आहेत, पण पेटीवर बोटं वळत नाहीत. करंगळी तर उठतच नाही. ती भाता धरते, मी सूर दाबते, एका पेटीवर दोघी. तुमच्या प्रश्नात हे बसतं का माहीत नाही, पण लिहावंसं वाटलं.

•

बीड जिल्हा, पाटोदा तालुका. वय 66 किंवा 67

(आजी लिहीत नाही. ती सांगतेय, मी तिची नात, लिहून घेतेय. शब्द तिचेच ठेवलेत.)

सपान कशाचं गं बाई. दसरा झाला की मुकादमाची उचल अंगावर असायची. टायरगाडीत भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या घातल्या की निघायचं ऊस तोडाया, ते पाडव्याच्या मागं-मोहरं परत. असं म्या बावीस साल केलं. मपली जोडीदारीन शेजारच्या गावची. कारखान्याच्या तळावर आमच्या कोप्या शेजारी-शेजारी.

मपलं धाकलं पोरगं तळावरच झालं. मला ताप भरला, दूध आटलं. तिचं पोरगं तव्हा सा महिन्याचं. तिनं एका अंगाला तिचं आन एका अंगाला मपलं, असं धा दिस पाजलं. दिसभर फडात कोयता, आन रातीला दोन लेकरं. ते पोरगं आता छत्तीस वर्साचं हाय. अजून तिला मायच म्हनतंय.

आन मोळीचं सांगते. मोळी बांधली की एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. कुनीतरी हात लावून वर द्यावं लागतं. गाडीत फळीवरून चढायचं, पाय घसरला तर मोळीसकट खाली. बावीस साल मला मोळी तिनंच दिली, तिला म्या दिली. नवऱ्याकडं बघावं लागलं न्हाई.

आमचं दोघीचं एकच म्हननं असायचं, एक दिवाळी आपल्या दारात करायची. तळावर चिमणी लावायची न् म्हनायचं, पुढल्या साली घरी. गुडघे गेले तव्हा दोघी घरी बसलो. आता दर दिवाळीला दारातच आसते. पर ती लेकाकडं गेली पुन्याकडं, मी हितं. पाडव्याला फोन येतो तिचा. म्हनती, लावली का पनती? म्या म्हनते लावली. तू लावली का? ती म्हनती, बिल्डिंगीत वाऱ्यानं विझती.

•

नांदेड जिल्हा, देगलूर तालुका. सध्या चाकण. वय 41

सर, मला जरा वेगळं म्हणायचंय. 2000 ते 2002 अकरावी-बारावीला लातूरला होतो. त्या वेळी आमच्या भागात हुशार पोरगं म्हटलं की घरचे शेत गहाण ठेवून लातूरला ठेवायचे. एका खोलीत चौघं. चौघांनाही डॉक्टर व्हायचं होतं. भिंतीवर खडूनं नावं लिहिली होती, प्रत्येकापुढे डॉक्टर. एकच झाला. मी नाही.

तुमच्या मित्राला कणीस उचलता आलं, मला नाही येणार. ज्याला माझं स्वप्न माहीत आहे त्याच्यासमोर उभं राहिलं की मला वडिलांचं गहाण पडलेलं शेत दिसतं. ते शेत सोडवायला नऊ वर्षं लागली. कंपनीत कुणाला काही माहीत नाही, तिथं मी नुसता सुपरवायझर असतो, श्वास घेता येतो. तो डॉक्टर झालेला मित्र वर्षातून एकदा मेसेज टाकतो, "कसा आहेस?" मी "मजेत" लिहितो. नंबर आहे. फोन अजून केलेला नाही.

•

छत्रपती संभाजीनगर. वय 69

वरच्या तरुण मित्रासाठी आधी लिहितो. फोन करा. पण डॉक्टर होण्याविषयी बोलू नका. तुमच्या खोलीत डबा कुणाचा यायचा, भाजी कोण पळवायचं, ते विचारा. स्वप्नावरून बोलणं सुरू झालं की माणसं एकमेकांना मोजतात.

माझे शाळेतले मित्र सुटले. भांडण नाही, बोलायला काही उरलं नाही इतकंच. मला माझा मित्र 64 व्या वर्षी मिळाला, डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर. माझ्या पत्नीची आणि त्यांच्या पत्नीची वेळ एकच होती, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साधारण चार तास. पहिला महिना आम्ही नुसते एकमेकांचे डबे बघत होतो. पथ्याच्या भाजीत मीठ नाही, म्हणून आम्हीही घरी मीठ सोडलं होतं, हे दोघांनाही एकमेकांच्या डब्यावरून कळलं. मग बोलायला लागलो.

त्या बाकावर मी जे बोललो ते जन्मात कुणाशी बोललो नव्हतो. मला चित्रं काढायची होती. वेरूळ घरापासून तासाभरावर, आणि नोकरीच्या 34 वर्षांत मी तिथं पाहुण्यांना दाखवण्यापुरता गेलो. हे मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी शाळकरी पोरांची चित्रकलेची वही आणि दोन पेन्सिली आणल्या. माझ्या हातात देऊन ते पेपर वाचत बसले. त्या वहीत सलाईनचा स्टँड आहे, वॉचमनची टोपी आहे, झोपलेल्या त्यांचे पाय आहेत. वेरूळ नाही.

त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. माझ्या पत्नीचं अजून चालू आहे. त्या तीन दिवशी साडेअकराला त्यांचा फोन येतो, "मशीन सुटली का?" मी म्हणतो, सुटली. ते म्हणतात, "सावकाश उतरवा." एवढंच बोलणं. मला पुरतं.

•

धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका. वय 48, अंगणवाडी सेविका

चार वेळा लिहून पुसलं. आता पाठवते.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. वडील विसर्जनाहून उशिरा आले, आत उकडतंय म्हणून सगळ्यांनी अंगणात गोधड्या टाकल्या, म्हणून मी आज लिहितेय. पहाटे चारच्या आसपास हादरा बसला. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद, त्याच्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार. ती माती खाली आली. माझी मैत्रीण दोन घरं पलीकडं आत झोपली होती.

आम्ही दोघी दहावीत. दोघींना नर्स व्हायचं होतं. तालुक्याला तिच्या आत्याकडं राहून कोर्स करायचा, दोघींनी एकाच दवाखान्यात लागायचं, लग्न एकाच गावात करायचं, असं सगळं ठरलं होतं. तिनं माझ्या हातावर जुन्या चिंधीचं बँडेज बांधून सराव केलेला. गाठ घट्ट मारायची, मी ओरडले की म्हणायची, "पेशंटनं गप बसायचं."

तिचा कंपास माझ्याकडं राहिला होता. भूमितीचा गृहपाठ माझा राहिला म्हणून संध्याकाळी मागून आणला होता. तो तिच्या आईला द्यावा म्हणून मी कितीदा निघाले, पण काकू आधी तंबूत, मग पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या गावठाणात. प्रत्येक वेळी दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी 2009 साली माझ्या मुलीला पाचवीत कंपास लागला तेव्हा काकूंकडे गेले आणि विचारलं, "हा तुमच्या लेकीचा. माझ्या लेकीला देऊ का?" काकूंनी उघडला. आत खोडरबर होतं, पेन्सिलीनं आमच्या दोघींच्या नावांची अक्षरं लिहिलेलं. त्यांनी ते खोडरबर ठेवून घेतलं आणि कंपास दिला.

वय वाढण्याबद्दल म्हणाल, तर माझं असं होतं की मी वाढले आणि ती नाही. मला चष्मा लागला, ती सोळाची. माझी मुलगी सोळाची झाली त्या वर्षी फार जड गेलं, घरात दोघी एका वयाच्या झाल्या. आता मुलगी तिच्यापेक्षा मोठी आहे. मी काही अडलं तर अजून मनात तिलाच विचारते, आणि ती सोळा वर्षांच्या पोरीसारखंच उत्तर देते, हट्टी. कधीकधी तेच बरोबर असतं.

नर्स झाले नाही. अंगणवाडीत लेकरांना लागलं-खुपलं तर मी बांधते. गाठ घट्ट बसते, तिच्यासारखी.

•

औसा, धागा सुरू करणारा

ताई, तुमचं वाचून उठलो आणि अंगणात फिरून आलो. त्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळी मदतीला गेलो होतो, ते सगळं डोळ्यांपुढं आलं. लिहिलंत, फार बरं केलंत.

•

जालना. वय 88

नातू टाइप करून देतो आहे.

मी शाळेत गेलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. उर्दू शिकावीच लागे. माझ्या बाकावरचा मित्र मुसलमान, त्याचे वडील तहसिलीत कारकून. माझं अलीफ-बे त्यानं गिरवून घेतलं, त्याचे पाढे मी. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. पुढच्या वर्षी त्यांचं घर हैदराबादला गेलं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. स्टेशनवर गेलो होतो. दोघांचं ठरलेलं होतं की चारमिनारवर मिळून चढायचं.

मग पत्रं. तो उर्दूत लिहायचा, मीही उर्दूत. एका पत्रात त्यानं कळवलं, मी चढून आलो, पायऱ्या 149 आहेत, तू येशील तेव्हा मोजून बघ. नोकरी लागली, संसार, बहिणींची लग्नं, माझं जाणं झालं नाही. 1974 नंतर पत्रं थांबली. का, ते कळलं नाही. माझ्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही, मग मीच लिहायचं थांबवलं. ते थांबवायला नको होतं.

19 पत्रं आहेत. लोखंडी पेटीत आहेत. माझ्या घरात आज सतरा माणसं, पण उर्दू वाचता येणारा मी एकटा. माझ्यानंतर ते कागद म्हणजे नुसत्या रेघोट्या. या प्रश्नावर मला एवढंच लिहायचं होतं.

•

जालना. वय 44

आजोबा, सलाम. मी जालन्याचीच. माझे अब्बा इथंच उर्दू शाळेत मास्तर होते, आता 76 वर्षांचे आहेत, दिवसभर घरीच असतात. तुमचं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हापासून दोनदा विचारून झालं त्यांचं, "कब चलना है?" तुमची हरकत नसेल तर आम्ही दोघं येतो. अब्बा वाचतील, मी मराठीत उतरवून घेईन. पत्रं तुमच्या पेटीतच राहतील.

•

जालना. वय 88

या बाई. वडिलांना घेऊन रविवारी चार वाजता या. सकाळी डोळ्यांत थेंब घालतो, दुपारपर्यंत अक्षर धूसर दिसतं. पत्ता नातू तुम्हाला वेगळा कळवेल. 19 पत्रं तारखेप्रमाणे लावून ठेवतो. 1962 च्या एका पत्राला पावसाचं पाणी लागलंय, अर्धं पान गेलं आहे. ते मास्तरांना वाचता येणार नाही. पण ते मला पाठ आहे, ते मी सांगेन.