लोअर आर्म : अख्खा बदलण्याआधी

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की गाडीचा बॉलजॉइंट (लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) वाजतोय, तर गॅरेजवाला अख्खा लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, का बदलायला सांगतो. बहुतेक वेळा तो फसवत नसतो, डिझाइनच तसं असतं. बॉलजॉइंट आर्ममध्ये प्रेस केलेला (दाबून घट्ट बसवलेला) असतो आणि कंपनी तो सुटा विकत नाही. जोडणी कारखान्यात झटपट होते, भुर्दंड मात्र मालकाला. पण जॉइंट रिव्हेटने बसवलेला असेल तर ते रिव्हेट ड्रिलने काढून सुटा जॉइंट बसवता येतो. बोल्ट नव्या जॉइंटच्या किटमधलेच वापरा, हार्डवेअरवाल्याकडचे साधे नकोत.

मूळ दुखणं जॉइंटवरच्या रबरी बूटचं, म्हणजे टोपणाचं. तो चिरला की आपल्या पावसात तांबडा चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघतं आणि जॉइंट खिळखिळा होतो. म्हणून मे महिन्यात बूट तपासाच.

आणि एक, इथे बरेच जण चुकतात. गाडी जॅकवर असताना बुशचे (आर्म सांगाड्याला जोडतो तिथल्या रबरी तुकड्यांचे) बोल्ट पूर्ण आवळू नका. आधी हलके लावा, चाकं जमिनीवर टेकवा, मग कंपनीने दिलेल्या टॉर्कला (ठरावीक जोराने) आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटी चाकांचं अलाइनमेंट (कोन जुळवून घेणं), अर्थात.