पेठेतले घर सोडून पाचगावच्या पुढे बंगला बांधावा का?

मंगळवारकर यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने दुमजली घर आहे. वाटणीत आमच्याकडे खालच्या दोन खोल्या, माडी आणि सामाईक अंगण आले. आता थोरल्या बंधूंनी सगळी जागा बिल्डरला देण्याचा विषय काढला असून, आमच्या हिश्शाच्या पैशांत शहराबाहेर पाचगावच्या पुढे तीन गुंठ्यांवर स्वतंत्र बंगला होतो, असा हिशेब मांडला आहे. घरात आम्ही उभयता, सातवीतला मुलगा आणि ७४ वर्षांची आई असे चौघे आहोत.

पेठेत त्रास आहे, हे मी नाकारत नाही. तीन वर्षांपूर्वी मोटार घेतली, पण ती दारात लावता येत नाही. दोन गल्ल्या सोडून एका रिकाम्या जागेत भाड्याने ठेवली आहे. (गाडी आणायला जितके चालावे लागते, तितकेच आणखी चालले तर कपिलतीर्थ मंडई येते. त्यामुळे भाजीसाठी गाडी काढल्याचे आठवत नाही.) उलट बाजूने पाहिले तर मुलाची शाळा, आईचे डॉक्टर, पिठाची गिरण, उन्हाळ्यात चटणी कांडायचा डंक, सारे पायी गाठण्याजोगे आहे.

ज्यांनी असा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांच्याकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. घरखर्चात नेमका कुठे फरक पडला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिवस तिकडे कसा जातो? ‘पेठ ती पेठच’ एवढेच सांगणारी उत्तरे कृपया नकोत.

माळावरून यांचे उत्तर

आम्ही नऊ वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतून कळंब्याच्या बाजूला आलो. घर बांधल्याचा पश्चात्ताप नाही, हे आधी सांगतो. हवा चांगली आहे, दारात आंब्याचे झाड आहे, विसर्जनाच्या रात्री खिडक्यांची तावदाने थरथरत नाहीत, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरात आमच्या उंचावरच्या भागाला पाण्याची भीती नव्हती.

खर्चाचे विचाराल, तर पेठेत आमच्याकडे एक दुचाकी होती, आता दोन दुचाकी आणि एक मोटार आहे. ही श्रीमंती नव्हे. मुख्य रस्त्यावरचा बसथांबा आमच्या कॉलनीपासून सव्वा किलोमीटरवर आहे आणि येताना सगळा चढ लागतो, त्यामुळे ज्याला बाहेर पडायचे त्याला वाहन लागतेच. तीन वाहनांचे पेट्रोल, विमा, टायर आणि सर्व्हिसिंग यांचा आकडा घराच्या कर्जाच्या हप्त्याशेजारी लिहून पाहावा. बंगला स्वस्त पडला असे आम्ही दोन वर्षे म्हणत होतो, नंतर म्हणणे सोडून दिले.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र मला अधिक लागला. माझे वडील पेठेत असताना संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जात, वाटेत न्हाव्याकडे वर्तमानपत्र वाचत, औषधाच्या दुकानात उगाच टेकत आणि सात वाजता घरी येत. कोण कुठे गेले, हे कोणी विचारतही नसे. इथे आल्यावर ते पाच वाजता इस्त्रीची टोपी घालून, हातात कापडी पिशवी घेऊन पायरीवर उभे राहत आणि विचारत, “कोण गावात जाणार आहे का?” आमच्याकडे शहरात जाण्याला अजून ‘गावात जाणे’च म्हणतात. कोणी जाणार असले तर ते मागे बसत. नसले तर टोपी काढून खुंटीला लावत आणि गच्चीवर फेऱ्या मारत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण पेठेत जो माणूस स्वतःच्या पायांनी हिंडत होता, त्याला इथे दुसऱ्याची सवड विचारावी लागत होती, आणि हे समजायला मला चार वर्षे लागली. सातवीतल्या मुलाचेही फारसे वेगळे होत नाही. त्याची शिकवणी, मैदान आणि मित्र या तिन्ही ठिकाणी त्याला पोहोचवणारे कोणी तरी घरात मोकळे असावे लागते, आणि ते ‘कोणी तरी’ बहुतेक वेळा घरातली बाईच असते.

चौकातल्या काकू यांचे उत्तर

वरील उत्तर मनापासून पटले, पण पेठेचे चित्र थोडे जास्तच गोड रंगवले जात आहे. मी महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षे राहते. सगळे जवळ आहे हे खरे, तथापि जवळ असणे आणि चालता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पदपथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी लावलेल्या असतात, उरलेल्या जागेत फलक आणि टपऱ्या असतात, आणि सुट्टीच्या दिवशी दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या शिरल्या की भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते. मागच्या वर्षी संध्याकाळी वीज गेलेली असताना एका दुचाकीच्या स्टँडला पाय अडकून मी पडले आणि मनगट मोडले. दवाखाना दोनशे पावलांवर होता, पण पडलेही मी त्या दोनशे पावलांतच.

तेव्हा आईंसाठी पेठेतच राहणार असाल, तर आपल्या दारापासून डॉक्टरांच्या दारापर्यंतची वाट आधी त्यांच्या चालीने चालून पाहा. आणि बिल्डरच्या इमारतीचाही विचार करा. खालचा मजला सगळा पार्किंगला गेला, की दारासमोर बसायला कट्टा उरत नाही आणि रात्री गल्लीवर लक्ष ठेवणारे दुकानही उरत नाही. आमच्या गल्लीत अशा तीन इमारती झाल्या. तिथे राहणारे लोक लिफ्टमधून उतरतात ते थेट गाडीतच बसतात, शेजारी कोण राहते हे आम्हाला माहीत नाही.

आराखडा यांचे उत्तर

नगररचनेच्या नकाशांशी माझा व्यवसायाने संबंध आला आहे, म्हणून थोडे त्या बाजूने लिहितो.

अमेरिकेतील उपनगरे मोटारीवर अवलंबून राहिली, यामागे मोठा वाटा कायद्याचा होता. ओहायोतील युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवासी, व्यापारी आणि औद्योगिक वापर वेगवेगळ्या विभागांत ठेवणारे नियम वैध ठरवले, आणि १९५६ च्या महामार्ग कायद्याने सुमारे ४१,००० मैलांच्या द्रुतगती रस्त्यांना मंजुरी दिली. घरांच्या वस्तीत किराणा दुकान काढणेच बेकायदा ठरले, तर दुधासाठीही मोटार लागणार, हे उघड आहे. आपल्याकडे तशी मनाई नाही. घराच्या खाली दुकान ही आपली जुनी रीत असून नियमही तिला बऱ्याच अंशी मुभा देतात. कोल्हापुरात रेल्वे १८९१ साली आली, त्यानंतर १८९५ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी ही मुळात व्यापारपेठ, आणि तिथे आजही खाली धंदा व वर बिऱ्हाड दिसते.

मग आपली उपनगरे चालण्याजोगी का होत नाहीत? माझ्या मते मुख्य कारण रस्त्यांच्या जोडणीत आहे. शेतजमीन गटागटाने बिनशेती होते, प्रत्येक मालक आपल्या गटापुरता आराखडा काढतो, आणि गट नंबर संपला की रस्ताही कुंपणाला भिडून संपतो. पलीकडच्या कॉलनीतले दुकान हवेतून ८० मीटरवर असते, पण पायी जायचे तर मुख्य रस्त्यापर्यंत उतरून पुन्हा चढावे लागते. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या वस्त्यांत तर सार्वजनिक जागा जवळपास शून्य असते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली, परंतु न सोडलेला रस्ता कायद्याने मागाहून कुठून आणणार?

कोल्हापूरच्या बाबतीत हद्दीचाही प्रश्न आहे. महापालिका १९७२ साली झाली, त्यानंतर अनेक दशके क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिले. शहर भोवतालच्या गावांत वाढत गेले आणि हद्दवाढीला गावांचा विरोध राहिला, म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे नोकरी, शाळा आणि दवाखाना शहरात, पण घर, गटार आणि अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीकडे, अशी विभागणी झाली. घर घेताना माणूस बहुधा किंमत आणि पाणी पाहतो, या विभागणीकडे लक्ष जात नाही.

काकूंनी पार्किंगबद्दल लिहिले ते बरोबर आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार सदनिकेच्या आकारमानाप्रमाणे वाहनांसाठी जागा सोडावी लागते, आणि लहान भूखंडावर ती बहुधा तळमजल्यावरच निघते. तरीही रस्त्याकडेची एखादी खोली दुकानासाठी राखणे अनेकदा शक्य असते. करारावर सही होण्यापूर्वीच हा विषय काढावा, नंतर कोणी ऐकत नाही.

तुम्हाला एकच सुचवतो. एखाद्या रविवारी दुपारी चार वाजता आईंना घेऊन त्या प्लॉटवर जा, गाडी तिथेच ठेवा आणि जवळचे औषधाचे दुकान पायी शोधा.

मंगळवारकर यांचे उत्तर

सर्वांचे आभार. काल आईला घेऊन गेलो होतो. प्लॉटपासून मुख्य रस्त्यापर्यंत यायला, दोनदा टेकून, बावीस मिनिटे लागली. वाटेत एक दुकान मिळाले, ते सिमेंट आणि फरशीचे होते. आई काही बोलली नाही. परत गाडीत बसल्यावर तिने एवढेच विचारले, की इथून अंबाबाईला जायचे झाले तर मंगळवारी तुला सुट्टी असते का.

आज बंधूंना कळवले आहे, की जागा द्यायची असेल तर द्यावी, परंतु आम्हाला पैशांऐवजी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरची सदनिका हवी, रस्त्याकडेला एक गाळा दुकानासाठी राहिला पाहिजे, आणि दारासमोरचा कट्टा नकाशात दाखवला पाहिजे. गाडी पूर्वीप्रमाणे दोन गल्ल्या सोडून राहील. बंधूंचे उत्तर अजून आलेले नाही, मात्र कट्टा नकाशात कशासाठी दाखवायचा, असे बिल्डरने त्यांना विचारल्याचे कानावर आले आहे.