नववीतला मुलगा, सहामाहीचे पेपर आणि गॅदरिंगचं नाटक – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगा नववीत आहे, मराठी माध्यम, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेने सहामाहीचे पेपर दाखवले, गणित-इंग्रजीत नापास आणि मराठीतसुद्धा काठावर. मार्कांचं एक वेळ सोडा, पण विज्ञानाचा पेपर बघून मी चक्रावले, जेवढं लिहिलंय तेवढं जवळजवळ सगळं बरोबर आणि पुढची पानं कोरी. वेळच पुरला नाही म्हणतो. तोंडी विचारलं तर गतीचे नियम एसटीच्या ब्रेकचं उदाहरण देऊन मलाच समजावतो, पण लिहायला बसला की जोडाक्षरं खातो, वेलांट्या कुठल्या कुठे, ३६ चे ६३ करून पुढचं गणित मात्र रीत बरोबर ठेवून सोडवतो. फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतं. हे आजचं नाही, तिसरी-चौथीपासून असंच आहे, तेव्हा सगळे म्हणायचे मोठा झाला की सुधारेल.

आता डिसेंबरात गॅदरिंग आहे आणि हा नाटकात आहे. स्वतःचेच काय, बाकीच्यांचे पण संवाद याला पाठ, नुसते ऐकून. पालकसभेत वर्गशिक्षक म्हणाले नाटकातून काढा आणि जादा तासाला बसवा, पुढच्या वर्षी दहावी आहे. ह्यांचं पण तेच मत. सासूबाई म्हणतात पोरगं हुशार आहे, आळस नडतो. परवा रात्री मला विचारतो, आई मी ढ आहे का ग. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

एका बहिणीने सांगितलं की हे एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) असू शकतं आणि बोर्डाला त्यासाठी सवलत असते. ते सर्टिफिकेट कुठे मिळतं, आता उशीर झालाय का, आणि नाटकाचं काय करू?

कोरी पाटी:
ताई, मी हायस्कूलला शिकवते. निदान करणं माझं काम नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून तपासणी नक्की करून घ्या असंच म्हणेन. आळशी मुलगा तोंडी पण उत्तर देत नाही हो. उशीर बिलकुल झालेला नाही, नववीचा नोव्हेंबर म्हणजे उलट बरी वेळ आहे, कारण दहावीचे फॉर्म भरायची गडबड पुढच्या दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि त्याआधी सर्टिफिकेट हातात असलेलं बरं. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तुमच्याकडे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे सगळेच विसरतात आणि मग हॉस्पिटलवाले तिथूनच सुरुवात करायला लावतात. मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा, तिथे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे समावेशित शिक्षणवाले विशेष शिक्षक असतात, शाळांनाच त्यांची आठवण नसते म्हणून पालकांपर्यंत ते पोचत नाहीत. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये पण चौकशी करा, आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि त्यांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे.

नाटकाबद्दल माझं स्पष्ट मत, काढू नका. जादा तासात काय होणार, तेच धडे परत फळ्यावर आणि परत उतरवून घ्या. जे जमत नाही तेच दुप्पट. अख्ख्या शाळेत ज्या एका जागी तो बाकीच्यांच्या पुढे आहे तीच काढून घ्यायची म्हणजे कमाल आहे.

घाटावरचा:
थोडं कडू लिहितो. हल्ली प्रत्येक मुलाला काहीतरी असतं. आमच्या वेळी अक्षर खराब म्हणून छड्या खाल्ल्या आणि सुधारलो. सराव करून घ्या, रोज एक पान शुद्धलेखन.

लोकलमधली चौथी सीट:
@घाटावरचा, तुम्ही सुधारलात छान झालं, जे सुधारले नाहीत त्यांनी शाळा सोडली म्हणून ते इथे लिहायला नाहीत. असो.

ताई, आमची मुलगी यातून गेलीये, आता कॉलेजला आहे. आम्ही मुंबईत असल्यामुळे सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकला गेलो होतो, तुम्हाला पुण्याचं ससून जवळ पडेल. एलडीचं सर्टिफिकेट प्रत्येक सिव्हिलमध्ये मिळतंच असं नाही, त्यामुळे निघण्याआधी फोन करून विचारा आणि नंबर लवकर लावा. एका दिवसात होत नाही हे धरूनच चला. बुद्ध्यांक चाचणी होते, वाचन-लेखन-गणिताची वेगळी चाचणी होते, बालरोगतज्ज्ञ बघतात. बुद्ध्यांक सरासरी किंवा वर आणि तरी लिहिण्या-वाचण्यात मोठी तफावत, असं दिसलं तर एलडी धरतात. मागच्या इयत्तांची प्रगतीपुस्तकं, वह्या आणि हेच सहामाहीचे पेपर न्या, वह्या फार कामाला येतात. एक महत्त्वाचं, मुलगा मराठी माध्यमाचा आहे तर चाचणी मराठीतून घ्या असा आग्रह धरा, फक्त इंग्रजीतून घेतली तर एलडीमुळे चुकतोय की इंग्रजीच कच्चं आहे हे कळणार कसं. मराठीतल्या चाचण्या आहेत, डाली म्हणून एक आहे त्यात मराठी आहे. खासगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट समजून घ्यायला चांगला, पण बोर्डाला सरकारी हॉस्पिटलचंच लागतं.

सवलत म्हणाल तर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे भाषेच्या तीन तासांच्या पेपरला एक तास आणि गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. तुमच्या मुलाची कोरी पानं बघता हीच सवलत सगळ्यात मोलाची वाटते. गरज पडली तर लेखनिक, म्हणजे मुलगा सांगेल ते लिहिणारा, मिळतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. उपकार वगैरे काही नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडी आहे.

धागाकर्ती:
खूप खूप आभार, डोळे भरून आले वाचून. ह्यांना पण वाचायला दिलं, ते गप्प आहेत म्हणजे निम्मं काम झालं. दहावीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेता येतं असं पण कुणी म्हणालं, ते घ्यावं का? आणि शाळेत आत्तापासून काही मागता येईल का सर्टिफिकेट येईपर्यंत?

कोरी पाटी:
खालच्या पातळीच्या गणिताची घाई करू नका. पुढे सायन्स किंवा डिप्लोमा डोक्यात असेल तर आधी तिथले प्रवेशाचे नियम बघा, त्याची रीत बरोबर येते असं तुम्हीच लिहिलंय, मग आकडे उतरवताना पेन्सिलीने खूण करायची सवय लावून बघा आधी. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की तपासणी चालू आहे, तोपर्यंत घटक चाचणीला थोडा जादा वेळ द्यावा, फळ्यावरचं मित्राच्या वहीतून झेरॉक्स करू द्यावं आणि वर्गात मोठ्याने वाचायला उभं करू नये. नववीची परीक्षा शाळेचीच असते, त्यांनी मनात आणलं तर एवढं सहज होतं. अर्जाची पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. हॉस्पिटलसाठी शाळेचं पत्र लागेल ते त्याच दिवशी मागून घ्या.

आणि रात्रीचं ते 'मी ढ आहे का'वालं बोलणं वाढलं, जेवण-झोप बिघडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

लोकलमधली चौथी सीट:
आणि गॅदरिंगची तारीख ससूनच्या तारखेवर येऊ देऊ नका म्हणजे झालं, नंबर लावतानाच सांगा त्यांना.