‘शेरी कास्क फिनिश’ मराठीत कसे लिहावे?

विचारणा : स्कॉटलंडमधील ‘बालव्हेनी’ या सिंगल माल्ट व्हिस्कीविषयी मराठीत लिहिताना ‘शेरी कास्क फिनिश’पाशी अडलो आहे. ‘शेरीच्या पिंपात पूर्ण केलेली’ असे लिहिले तर ती आधी अर्धवट होती असे वाटते, आणि ‘शेरीयुक्त’ लिहिले तर तीत शेरी (स्पेनची एक वाइन) मिसळली आहे असा समज होतो. नेमके काय लिहावे? डिस्टिलरीला ‘आसवनी’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : ‘शेरीयुक्त’ मुळीच नको. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरमेल रंग यांखेरीज काहीही घालण्यास कायद्याची मनाई आहे. शेरीचा जो गुण उतरतो तो लाकडातून उतरतो. बालव्हेनीची १९९३ साली बाजारात आलेली ‘डबलवुड १२’ घ्या. ती किमान १२ वर्षे ओकच्या पिंपांत, मुख्यतः बर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरून झालेल्या पिंपांत राहते, मग सुमारे ९ महिने ओलोरोसो या गडद शेरीच्या पिंपांत जाते, आणि शेवटी ओकच्या मोठ्या टाक्यांमध्ये एकत्र करून ३-४ महिने ठेवली जाते. यांतला शेरीच्या पिंपातला मुक्काम म्हणजे ‘फिनिश’. बालव्हेनीचे व्हिस्कीतज्ज्ञ (माल्ट मास्टर) डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी १९८०च्या दशकात तेथे ही रीत बसवली.

आपल्याकडे यासाठी ‘मुरणे’ हे क्रियापद तयारच आहे. लोणच्याची फोड मुरते म्हणजे ती खारातला मसाला शोषून घेते. तशीच व्हिस्की लाकडातला रंग आणि सुक्या मेव्यासारखा स्वाद शोषून घेते. म्हणून ‘अखेरीस शेरीच्या पिंपात मुरवलेली’ असे लिहावे. मात्र ‘अखेरचे मुरवण’ असे नाम करू नये, कारण मुरवण म्हणजे दह्याचे विरजण, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे दह्याचे भांडे येईल.

याच व्यवहारात ‘फिनिश’चा दुसराही अर्थ आहे : घोट गिळल्यावर तोंडात मागे राहणारी चव. ‘लाँग फिनिश’ म्हणजे अधिक काळ मुरवलेली नव्हे, तर चव बराच वेळ रेंगाळणारी. दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात आले तर दोन्ही ठिकाणी ‘फिनिश’ ठेवणे म्हणजे वाचकाला चकवा देणे होय.

‘आसवनी’ चूक नाही, पण महाराष्ट्रात हा शब्द साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांमुळे रुळला असून त्याला मळीचा वास चिकटलेला आहे. विल्यम ग्रँट यांनी १८९२ साली डफटाउन येथे बांधायला घेतलेल्या बालव्हेनीत मात्र मोड आणलेल्या जवाखेरीज दुसरे धान्यही चालत नाही. त्यातला काही जव तेथे आजही फरशीवर पसरून फावड्यांनी उलथला जातो. मी ‘डिस्टिलरी’च लिहीन.

पुरवणी : ‘पिंप’ म्हटले की आजच्या वाचकाला पाण्याचे निळे प्लॅस्टिकचे पिंप आठवते, हा आक्षेप रास्त आहे, परंतु हा शब्दच पोर्तुगीज ‘पिपा’पासून, म्हणजे वाइनच्या लाकडी पिंपाच्या नावावरून आलेला असल्याने तो येथे परका नाही. पहिल्यांदा ‘ओकचे पिंप’ लिहावे, पुढे नुसते ‘पिंप’ पुरे. शेरीचे ‘बट’ सुमारे ५०० लिटरचे आणि बर्बनचे ‘बॅरल’ सुमारे २०० लिटरचे असते. मराठीत दोन्ही पिंपेच, तेव्हा गरज पडेल तेथे आकडा द्यावा. पूर्वी स्पेनहून ब्रिटनला शेरी पिंपांतून जात असे आणि रिकामी पिंपे व्हिस्कीवाल्यांना मिळत. आता शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होते, त्यामुळे बहुतेक पिंपे व्हिस्कीसाठीच मागणीनुसार शेरी भरून तयार केली जातात. म्हणून ‘शेरी वाहून आणलेले पिंप’ असा खुलासा करण्याचा मोह आवरावा. ‘शेरी भरून ठेवलेले’ हे दोन्ही काळांना लागू पडते.

आणखी एक : ‘सिंगल’चा अर्थ एकाच डिस्टिलरीची, एकाच पिंपातली नव्हे. त्यासाठी ‘सिंगल कास्क’ हा वेगळा शब्द आहे.